बियाचं पाणी

काकाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुमसरच्या बाजारात पत्रकं वाटत होते. त्याला आता महिना झाला. आमचं शेवटचं बोलणं भांडणातच संपलं होतं…

रोजगार हमीचं काम मागूनही पंधरा दिवसांत मिळालं नाही, तर बेरोजगारी भत्ता द्यावाच लागतो, हे मी आंबागडकडच्या आमच्या गावात घरोघर सांगत फिरायचे. लोक हसायचे. माझ्या वडिलांच्या या धाकट्या भावाने मात्र अर्ज केला, चकरा मारल्या आणि भत्ता मिळवला. गावात पहिलाच. ते पाहून आणखी काहींनी अर्ज भरले. मग उन्हाळ्यात अचानक काम निघालं. चर खोदून तलावात उरलेलं पाणी सोडून द्यायचं, मग गाळ काढायचा. काम नाकारलं की भत्ता बंद.

आमच्याकडे तलाव कितीही आटला तरी मधल्या खोलगटातलं पाणी कुणी काढत नाही. पुढच्या साली वाढणाऱ्या मासोळीचं बी त्यात असतं. काकाजी धान पिकवणारे, जाळं त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. तरी ते अडून बसले.

रोजगार सेवक घरी आला. "काकाजी, आजारी आहो म्हना न. तसं लिहून घेतो."

"आजारी कुठं आहो बे मी?"

"मंग चर खोदा. तुमी का मासोळ्या धरनारे ढिवर आहा?"

"मासोळी खातो न, बाबू."

मी चिडले. "तुमी नाही म्हनलं तं साऱ्यायचे अर्ज बुडतीन, काकाजी. लोक म्हनतीन, यायले काम नोको, फुकटचं पायजे! चार दिवसाचं तं काम आहे."

"चार दिवसात तलाव मरते, पोरी. तू लिहून दे, खरं कारन."

मी पेन उचललं नाही. अन्यायाला नकार द्या, असं छापून वाटणारी मी, घरातल्या माणसाचा नकार मला परवडला नाही.

त्यांनी तो स्वतःच लिहून दिला. भत्ता बंद झाला. माझं भाकीत खरं ठरलं, बाकीच्यांनी अर्ज मागे घेतले. पण चर खोदायलाही कुणी गेलं नाही…

तेरवीनंतर काकूने भिंतीवरचं कॅलेंडर उलटवून दाखवलं. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने एकच ओळ पुन्हा पुन्हा गिरवलेली, खोडलेली : मले काम पायजे. हे काम नाही. चौथी शिकलेल्या हाताचा सराव.

मी तो कागद मागितला. काकूने कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं.

"तवा लिहून नाही देल्लं. आता कायले पायजे?"