जी कुणी संगीता असेल

नवस बोलताना माणसानं जरा विचार करून बोलावं, असं आमचे हे मला नेहमी ऐकवतात. बरोबरच आहे त्यांचं. मी विचार केला नाही, म्हणून तर माझ्याजवळ किश्शांचा एवढा ढीग जमला. एक सांगायला घेतला की खालून दुसरा डोकं वर काढतो!

झालं काय, ह्यांच्या पोटातला अल्सर फुटला. इथं सुरतेत, पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंगमधून ड्युटी संपवून घरी आले आणि मोरीत रक्ताची उलटी. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, रक्त आणा. दीर गावी गेलेले, मुलगा लहान, माझं वजन कमी म्हणून मला नाही म्हणाले. मी बाकावर बसून आमच्या खानदेशातल्या देवीचं, कानबाईचं नाव घेत होते. तेवढ्यात नर्स आली. "बेन, थई गयुं. संगीताबेन आपी गया."

रक्ताचं काम झालं, संगीताबेन देऊन गेल्या म्हणे. कोण संगीताबेन? नर्सलाही नावापलीकडे काही माहीत नव्हतं. कुणा नातेवाइकाला रक्त द्यायला आली होती म्हणे. त्याला लागलंच नाही. तर म्हणाली, "आलेच आहे, तर मग दुसऱ्या कुणाला लागतंय?" दिलं आणि निघूनही गेली. मी जिन्यापर्यंत धावले, पण तिथं कुणीच नव्हतं.

तिथंच उभ्या उभ्या मी हात जोडले. "कानबाई माते, ह्यांना घरी आण. ती कोण मला माहीत नाही. जी कुणी संगीता मला भेटेल, तिची ओटी भरीन."

हे बरे होऊन घरी आले. नवसाचं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, आपल्या गल्लीत 'संगीता' म्हणून हाक मारली तर निम्म्या खिडक्या उघडतात!"

पण मला खणाची चिंता नव्हती. सुरतेत राहून ब्लाउजपीसची काय चिंता! चिंता एकच. एवढ्यांमधून नेमकी तीच सुटली तर? मग नवस फिटला असं कसं म्हणायचं?

*

पहिली भेटली ती रिक्षात. लिंबायतच्या नाक्यावरून मी बसले आणि मागून कुणी रिक्षावाला ओरडला, "ए संगीता, गॅस भरायला चल!" मी पुढं वाकून बघितलं. चालवणारी बाई! कपाळ मोकळं, खाकी शर्ट, हातात घड्याळ. रिक्षा अशी चालवत होती की बसमागून बस मागं पडत होती.

ओटीचं सामान माझ्या पिशवीत कायम असायचं. घरापाशी उतरले आणि तिला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "नको वहिनी. मालक गेले माझे. मला ओटी चालत नाही."

मी पिशवीतून नारळ काढला. मग म्हटलं, "ताई, मी देवीला संगीता म्हटलं होतं. सवाष्ण म्हटलं नव्हतं."

बाईनं रिक्षा बंद केली. ओढणीचा पदर पुढं केला. रक्ताचं विचारलं तर मान हलवली, ती मी नव्हे म्हणून. पण त्या दिवसापासून नाक्यावर मी दिसले की बाकीच्या रिक्षावाल्यांना दम देते, "हटा रे! ही माझी पॅसेंजर. भाड्याबरोबर नारळ देते!"

*

दुसरी संगीता पोलीस. कानबाईच्या मिरवणुकीला बंदोबस्ताला आली होती. गेल्या खेपेला हिनंच एका दारुड्याला कॉलर धरून गर्दीतून बाहेर काढलेलं मी डोळ्यांनी बघितलेलं. तो ताडासारखा उंच, ही त्याच्या खांद्याला. तरी तो शाळेतल्या पोरासारखा तिच्यामागून चालला होता.

मनात आलं, हीच असणार! एवढी धीट बाई दुसरी कोण? ओटी भरून विचारलं, "साहेब, दवाखान्यात रक्त तुम्हीच दिलं होतं ना?"

ती माझ्या कानाशी आली. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाली, "वहिनी, कुणाला सांगू नका. सुई बघितली की मला चक्कर येते!"

*

कतारगामच्या संगीताबेन हिऱ्याच्या कारखान्यात बसतात. माझ्या जावेच्या शेजारीण. तिथं गेले असताना नाव कळलं आणि लगेच ओटी काढली. त्या हात धुऊन आल्या, पदर पसरला, आणि मी तांदूळ घालणार तेवढ्यात म्हणाल्या, "भाभी, एक मिनिट." चार दाणे तळहातावर घेतले. पर्समधली हिरे पारखायची बारीक काच डोळ्याला लावली.

"आ तो तूटेलो छे," म्हणून एक दाणा बाजूला काढला. मग दुसरा. मग तिसरा. "देवीची अक्षता ना? मग अखंड पाहिजे!"

दोघी बसून आम्ही सगळे तांदूळ निवडले. संध्याकाळ झाली. माझी सगळ्यात उशिरा भरलेली ओटी ती, आणि सगळ्यात सुंदर. रक्त त्यांनीही दिलं नव्हतं. पण तेव्हापासून देवाचे तांदूळ मी कधी नुसत्या नजरेनं निवडत नाही. चष्मा लावते!

*

ह्यांनाही माझ्या नवसानं खेळच मिळाला. पूर्वी कसे, कुणी काही बोललं तर गप्प बसायचे. आजारातून उठल्यावर एकदा कारखान्यात सुपरवायझरशी चांगले भांडून आले. मी म्हटलं, "तुम्ही? आणि भांडलात?"

"मी कुठं! मी गप्पच होतो. आतली संगीता बोलली!"

*

आता संगीता मावशींचं सांगते. मूळ नांदेडकडच्या, पांडेसऱ्यात साड्यांच्या घड्या घालतात. त्यांची ओटी भरली आणि नेहमीचं विचारलं, तर शांतपणे म्हणाल्या, "हो, मीच दिलं होतं."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडले. घरी जाऊन देवीपुढं साखर ठेवली. नवस फिटला!

पुढच्या श्रावणात मावशी आपणहून घरी आल्या. खाली बघत म्हणाल्या, "बाई, तवा मी खोटं बोलले. तुमचा जीव टांगणीला लागलेला बघवंना. म्हटलं, हो म्हटल्यानं माझं काय जातंय? पण तुम्ही पाया पडलात, आणि घरी गेल्यावर मला घास गिळंना."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. मावशींनी पदर सारखा केला.

"मग सरळ दवाखान्यात गेले आणि दिलं रक्त. कुणाला तरी चढलं असंल. आता खोटं नाही ऱ्हायलं."

मी परत पाया पडले. परत ओटी भरली. आणि शोध परत सुरू केला.

*

हे शेवटचं मात्र नीट ऐका. त्यासाठी आमच्या सासूबाई माहीत हव्यात. वय झालं, पण कानबाईच्या रोटांच्या बाबतीत त्यांच्यापुढं कुणाचं चालत नाही. रोट म्हणजे देवीचा नैवेद्य, फक्त भाऊबंदकीनं खायचा. एका रक्ताच्या माणसांनी. परक्याला घास नाही. ताट धुतलेलं पाणीसुद्धा दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही. आमच्याकडं तर सासरी गेलेल्या सख्ख्या लेकीलाही रोट मिळत नाहीत. माझी नणंद दर वर्षी रुसते, आणि सासूबाई दर वर्षी तिला वेगळी पोळी करून वाढतात.

गेल्या श्रावणातला रविवार. कानबाई बसलेली, रोटांची ताटं वाढलेली, दार लोटलेलं. तेवढ्यात कडी वाजली. समोर बिल्डिंगचं काम चाललंय, तिथली मजूर बाई. डोक्यावर चुंबळ, हातात रिकामी बाटली.

"बाई, पानी देता का जरासं?"

मी बाटली भरून आणली, तोवर रस्त्यावरून तिच्या सोबतिणीनं हाक मारली, "ओ संगीताऽ! चाल ना वं लवकर!"

माझ्या हातातली बाटली तशीच राहिली. "थांबा हं, जाऊ नका!" आत पळाले, पिशवी आणली, उंबऱ्यातच कुंकू लावलं, ओटी भरली. बाई गोंधळून बघत होती. मी तिचा हात धरला.

"ताई, एक विचारू? तुम्ही कधी इथल्या दवाखान्यात..."

"सरिता!" आतून सासूबाईंनी मला हाक मारली. मी दचकले. वाटलं, रोटांच्या वेळी दार उघडं ठेवलं म्हणून बोलणार. त्या भिंतीला धरून धरून उंबऱ्यापर्यंत आल्या. त्या बाईकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. सिमेंटनं पांढरे झालेले पाय, दंडावर गोंदण.

"इचारू नको," मला म्हणाल्या. "तिले मजार बठाड. ताट कर." म्हणजे तिला आत बसव.

"पोळी वाढू ना?" मी विचारलं.

"रोट वाढ."

ह्यांचा घास हातातच राहिला. नणंद तर उभीच राहिली, "ओ माय! आनि मले?"

सासूबाईंनी तिच्याकडं बघितलंही नाही. "मना पोऱ्याना आंगमा संगीतानं रगत शे. मंग ती भाऊबंदकीनी नई ते कोन?" म्हणजे ह्यांच्या अंगात संगीताचं रक्त आहे, मग ती आमच्याच भाऊबंदकीतली.

बाई ह्यांच्या शेजारच्या पाटावर बसली. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं तिच्या रोटावर तूप घातलं. ताटातच तिचे हात धुवून घेतले, आणि ते पाणी आमच्या सगळ्यांच्या पाण्याबरोबर अंगणातल्या तुळशीपाशी खड्ड्यात घातलं.

निघताना ती माझ्याकडं वळली. "तुमी मंघा काही इचारत होत्या ना, दवाखान्याचं? सांगू का?"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी तिच्या पदरातला नारळ सारखा केला आणि म्हणाल्या, "पुढना सालले ये माय. घर ध्यानमा ठेव."

तुमच्याही गल्लीत एखादी संगीता असेलच. माझ्या वतीनं तिची ओटी भरा. विचारू मात्र काही नका.