जिताड्यांना पाऊल कळतं

समुद्रातला जिवंत मासा बघायचा तर नागपूरकराने कोकणात कशाला जायला हवं, रामटेक पुरे, असं मी सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाऊजींनी रामटेकच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये पत्र्याची शेड टाकून जिताडे पाळले, तेव्हा मीही त्यांना वेड्यात काढलं होतं. "समुद्र कुठून आणता?" मी विचारलं. "पोत्यातून," ते म्हणाले. बोअरच्या पाण्यात मिठाची पोती रिकामी करत, लहानपणच्या पोलिओने बारीक झालेला डावा पाय ओढत ते दिवसभर टाक्यांभोवती फिरायचे. यंदा दसऱ्यानंतर एके सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत. दिवाळी झाल्यावर ताईचा फोन आला.

"मासे खाऊन नाई राहिले गा. तू ये."

मी सुट्टी टाकली आणि निघालो.

मनीषनगरहून निघणार असाल तर उजाडताच निघा, म्हणजे कामठीची गर्दी लागत नाही. वाटेत तर्री पोहे खाऊन घ्या, पुढे तसे मिळत नाहीत. मनसरला हायवे सोडून उजवीकडे वळायचं. दुचाकीने आरामात दोन तास धरा. गाडी नसेल तर एसटी आहेच. कापणी नुकतीच झालेली, रस्ताभर धानाच्या पेंढ्यांचा गोड वास होता. शेडचं दार ताईने सरकवलं आणि तो वास एकदम तुटला. आत समुद्र होता. म्हणजे त्याचा वास, खारट, ओला, आणि हवेच्या पंपाची न थांबणारी घरघर. मला उगाच वाटलं, दार बंद झालं तर पुन्हा रामटेक सापडणार नाही.

ताडपत्रीच्या गोल टाक्या, त्यात हातभर लांब चंदेरी जिताडे. ताईने मूठभर दाणा फेकला. हा दाणा माशांच्याच भुकटीचा असतो, पाण्यावर तरंगतो, आणि एरवी त्यावर झुंबड उडते. आज कोणी हललं नाही. मासे तळाशी स्थिर होते. मी बॅटरी मारली तर त्यांचे डोळे लाल चमकले. सगळ्यांची तोंडं दाराकडे होती.

"असेच पाह्यत राह्यतात," ताई म्हणाली. "डॉक्टर येऊन गेले. कल्ले उघडून पाह्यले, पाणी तपासलं. रोग नाई म्हणतात."

"मग?"

"भूक तर लागतेच ना गा." तिने कोपऱ्यातलं घमेलं दाखवलं. एका मेलेल्या जिताड्याच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर आली होती. जिताडे उपाशी राहिले की आपल्यातलाच जरा लहान असलेला गिळतात, आणि तो घशात अडकला की दोघंही जातात.

ताई शांतपणे म्हणाली, "हे आठ दिवसांत खायले नाई लागले तर व्यापाऱ्याले बोलावून सारे मासे इकते. शेड बंद करते आणि तुयाकडे येते. पण हे त्यायचं आहे रे सारं. हे गेलं तर ते पुन्हा गेले."

दुपारी तिने मला घराबाहेर पिटाळलं, म्हणून रामटेकचा गड चढून आलो. हातात खाण्याची पिशवी दिसू देऊ नका, तिथली माकडं वसुलीला बसलेली असतात. वरून खिंडसी तलावाचं पाणी फार सुंदर दिसतं. ते बघत उतरताना माझा डावा पाय पायरीवरून मुरगळला.

सकाळी घोटा चांगलाच सुजला होता. तरी ताईला चहा करू दे म्हणून मी दाण्याची बादली उचलली आणि लंगडत शेडमध्ये शिरलो. धप्प, आणि मागून घासत येणारा पाय. टाकीपर्यंत पोहोचलोही नव्हतो तोच पाणी उसळलं. सगळे जिताडे वर आले होते, काठाशी, तोंडं उघडून. मी घाबरून दाणा ओतला. टाळ्या पडाव्यात तसा फट्फट् आवाज करत त्यांनी तो गिळला.

मागे ताई चहाचा कप घेऊन उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मले वाटलं, ते आले," ती म्हणाली.

मग आम्हा दोघांनाही कळलं. पावलांचा हादरा फरशीतून पाण्यात जातो आणि मासे त्याला सरावतात, हे भाऊजींनीच मला कधीतरी सांगितलं होतं. ताई सरळ चालत यायची. माशांच्या लेखी दाणा देणारा अजून आलाच नव्हता.

"तुलाही तसं चालावं लागेल," मी म्हटलं.

ती भडकली. "लाज नाई वाटत? त्यायची नक्कल करणाऱ्या पोरायले मी दगडं मारले गा!"

दोन दिवस मीच लंगडलो, घोट्याची सूज उतरल्यावर मुद्दाम. तिसऱ्या दिवशी बॅग बांधत होतो तेव्हा ताईने बादली उचलली. मी मागोमाग गेलो. शेडच्या दारात थांबून तिने डोळे पुसले. मग डावा पाय ओढला. धप्प, सर्र. इतकं हुबेहूब की मला मान वर करून बघवेना. पाणी उसळलं. ताई रडत रडत दाणा टाकत होती आणि "खा रे, खा," म्हणत होती. मीही रडलो.

या गोष्टीला आता महिना झाला. मासे तुकतुकीत झालेत, घमेलं रिकामं असतं, व्यापाऱ्याला कोणी बोलावलं नाही. सहल सफल झाली म्हणायला हरकत नव्हती. परवा ताईने व्हिडिओ कॉल केला. फोन टेबलावर टेकवून ती गॅसवरचं दूध बघायला उठली. स्वयंपाकघरात, शेडपासून एवढ्या लांब, अनवाणी. धप्प, सर्र.

"ताई, पायाला काय झालं?" मी विचारलं.

ती वळली. खरंच कळलं नाही तिला. "कोणाच्या?"

शनिवारी मी पुन्हा निघतोय, रिकामा पत्र्याचा डबा घेऊन. आधी पाय ओढायचा आणि सोबत डब्यावर थाप मारायची, मग हळूहळू नुसती थाप. मासे शिकतील. ताई विसरेल की नाही, ते मला सांगता येत नाही.