डोंगरोबाचा आवाज

मांडवगण फराट्याच्या मच्छिंद्रआप्पांना हळू बोलता येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे अजिबातच नाही. घरात चहा मागितला तरी शेजारच्या आळीला कळायचं, आणि बायकोशी काही गुपित बोलायचं म्हटलं की सरूबाई आधी उठून टीव्हीचा आवाज वाढवायच्या. पण त्याच आवाजावर माणसानं पंचक्रोशीत नाव काढलं. बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, माइक धरावा तो आप्पांनीच. गाडा सुटला की त्यांच्या तोंडून जी ‘भिर्रर्र’ निघायची, ती ऐकून बैल जास्त पळायचे की बघणारी माणसं, हे सांगणं अवघड होतं.

आणि काम नुसत्या भिर्ररीचं नव्हतं बरं का. माइकवाल्याचं खरं काम नावं घेण्याचं. गाडामालकाचं नाव, त्याच्या वडलांचं, गावाचं, फेटे देणाऱ्याचं, बक्षीस देणाऱ्याचं, आलेल्या चेअरमनचं आणि येऊन गेलेल्या सदस्याचं. एकाचं घेतलं आणि दुसऱ्याचं राहिलं, की तो गडी वर्षभर रामराम घालत नाही. आप्पांच्या तोंडून कधी कुणाचं नाव राहिलं नाही, म्हणून गावातल्या लग्नातही माइक त्यांच्याच हातात असायचा.

आणि तिथंच घोळ झाला. त्यांची एकुलती लेक सुलक्षणा, तिचं लग्न ठरलं दौंडच्या ज्ञानेशशी. आता मुलीच्या बापानं मांडवात कुठं असावं, हे काय सांगायला पाहिजे? पण आप्पा माइकपाशी. दुसऱ्याच्या हाती दिला आणि कारखान्याच्या एखाद्या संचालकाचं स्वागत राहून गेलं तर? अक्षता पडल्या, पंगती उठल्या, पाहुणे येत राहिले आणि आप्पा स्वागत करत राहिले. पाठवणीची वेळ झाली. सुलक्षणा आईच्या गळ्यात पडली, चुलत्याच्या पडली, गाडीपाशी गेली आणि बसायच्या आधी तिनं मागं वळून बघितलं. बाप स्टेजवर होता. ‘जेवणाच्या मांडवाच्या तोंडाला पांढरी बोलेरो लागलीय, ज्यांची असंल त्यांनी काढून घ्यावी,’ असं सगळ्या गावाला सांगत होता. पोरीची गाडी दौंडच्या रस्त्याला लागली तेव्हा त्याचं आचाऱ्याचे आभार मानणं चाललं होतं.

पोरगी कधी भांडली नाही, कधी रुसली नाही. दिवाळीला यायची, बापाच्या पाया पडायची, जायची. एकदाच आईजवळ म्हणाली, “सगळ्या गावाचं नाव घेतलं आप्पांनी. माझं तेवढं राहिलं.” सरूबाईंनी ते नवऱ्याच्या कानावर घातलं. त्या दिवशी आप्पा जेवायला बसले आणि भाकरी कुस्करून तशीच ठेवून उठले.

पुढं शर्यतींवर बंदी आली. घाट ओस पडले, बैल दावणीला आणि आप्पांचा आवाज घरात. सरूबाईंचे कान किटले. तेवढ्यात पुण्याहून सत्यजीत सर म्हणून एक माणूस गाव शोधत आला. परदेशातल्या कार्टून सिनेमांना तो कलाकारांकडून मराठी आवाज देऊन घ्यायचा. या वेळचा सिनेमा परीकथेतला होता, पण सगळा गमतीचा. त्यातल्या चेटकिणीचे गुडघे दुखतात, राजपुत्र बेडकाला घाबरतो, आणि डोंगराएवढा एक राक्षस नदीकाठी सापडलेली माणसाची तान्ही पोर सांभाळतो. राक्षसाचं नाव मराठीत डोंगरोबा ठेवलं होतं. पुण्यातल्या कलाकारांचे आवाज त्याच्या अंगाला पुरेनात. कुणीतरी सरांना मोबाईलवर आप्पांची जुनी शर्यत ऐकवली, आणि सर थेट मांडवगणात.

पहिल्या दिवशी आप्पांनी स्टुडिओत काचेच्या खोलीत उभं राहून विचारलं, “आवाज पाठीमागंपर्यंत येतोय का?” पाठीमागं भिंत होती. डोंगरोबा शिपायांच्या मागं धावतो त्या जागी कागदावर नसलेली भिर्रर्र त्यांनी ठोकून दिली, आणि सर हसता हसता खुर्चीतून खाली यायचे राहिले. ती भिर्रर्र सिनेमात तशीच ठेवली. शिरूरपासून दौंडपर्यंत पोरं शाळेच्या मैदानात भिर्रर्र करत पळायला लागली. एकामागं एक तीन भाग आले, तिन्ही चालले. आप्पा बाजारात गेले की माणसं डोंगरोबा म्हणून हाक मारायची, आणि आप्पा मिशीला पीळ देत ‘व्हय’ म्हणायचे.

मग चौथा आला, शेवटचा. त्यात डोंगरोबाची ती पोर मोठी होते, तिचं लग्न होतं, आणि ती निघते. सरांनी संवादांचा कागद आधीच घरी पाठवला. म्हणाले, “आप्पा, तीन भाग ओरडलात. या वेळी एक जागा अगदी हळू बोलायचीय. सगळा सिनेमा त्या जागेवर उभा आहे. जमेल?”

त्या जागी डोंगरोबा पोरीला म्हणतो, ‘तू होतीस म्हणून गुहा लहान वाटायची गं. आता तिथं माझाच आवाज घुमत बसेल. सावकाश जा. मागं वळून बघितलंस तरी चालेल, मी इथंच उभा आहे.’

आप्पांनी ते वाचलं आणि किती तरी वेळ कागद खाली ठेवला नाही. सरूबाईंना समोर बसवून त्यांनी तालीम सुरू केली. आधी घसा मोठाच लागायचा, पत्रा वाजायचा. सरूबाई म्हणायच्या, “अहो, पोरगी जवळ उभी हाय, घाटाच्या खाली न्हाई.” हळूहळू आवाज उतरला. एका दुपारी आप्पा ती वाक्यं अशी बोलले की सरूबाईंनी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस असंही बोलू शकतो हे त्यांना पहिल्यांदा कळलं. आप्पांनी लगेच दौंडला फोन लावला. “सुले, चौथा भाग लागला का मी आन् तुझी आई येणार दौंडला. तुम्ही दोघांनी आमच्याबरं बघायचा. ऐकतीस का?” जे पाठवणीला राहिलं ते राक्षसाच्या तोंडून का होईना पोरीच्या कानावर घालायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. तोंडावर बोलायची छाती नव्हती, हे खरं.

आणि नेमकं त्याच सुमाराला बंदी उठून गावच्या यात्रेत पहिला घाट भरला. यात्रा रविवारी, रेकॉर्डिंग सोमवारी. सरांनी बजावलं होतं, “आप्पा, घसा जपा. एक शब्द बोलू नका.” सरूबाईंनी तर शपथच घातली. आप्पा घाटात गेले ते तोंड बांधून, नुसतं बघायला. पण गाव कसलं ऐकतंय! इतक्या वर्षांनी घाट भरला आणि आप्पा गप्प? डोक्याला फेटा बांधला, हातात माइक दिला. “आप्पा, नारळ फुटल्याचं दोन शब्दांत सांगा आन् बसा.”

दोन शब्द! नारळ फोडणाऱ्याचं नाव घेतलं, तर शेजारी उभा होता त्याचं घ्यावं लागलं. त्याचं घेतलं तर पहिल्या गाड्याच्या मालकाचं. पहिल्याचं घेतल्यावर दुसऱ्यानं काय घोडं मारलं होतं? आणि गाडा सुटला तेव्हा भिर्रर्र आपोआप निघाली. बरं, सांगायला वाईट वाटतं, पण माणूस त्या दिवशी खूश होता. दिवस मावळला तरी नावं संपेनात. शेवटच्या गाड्याची बारी झाली तेव्हा आप्पांच्या तोंडातून नुसती हवा येत होती. घरी सरूबाईंनी हळद घातलेलं दूध समोर आदळलं.

सोमवारी स्टुडिओत आप्पा काचेमागं उभे राहिले. ‘तू होतीस’ एवढं म्हटलं आणि पुढं घशातून खरखर आली. सरांनी कोमट पाणी पाजलं, चार दिवस वाट पाहिली, डॉक्टरची गोळी आणून दिली. सिनेमाची तारीख ठरलेली, ती कुणासाठी थांबणार नव्हती. मग नाटकातल्या एका कलाकारानं आप्पांचे तिन्ही भाग ऐकून हुबेहूब नक्कल केली, अगदी भिर्ररीसकट. सर म्हणाले, “माझा नाइलाज आहे हो आप्पा.” आप्पांनी मान हलवली. चूक सरांची नव्हती, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

सुलक्षणाला हे सांगायचं तर फोन करावा लागणार. आप्पा आज करतो, उद्या करतो म्हणत राहिले. आवाज परत आला तरी फोन झाला नाही आणि सिनेमा लागला.

दौंडच्या थेटरात दुपारच्या खेळाला चौघं ओळीनं बसली. एका कडेला सरूबाई, दुसऱ्या कडेला ज्ञानेश, मधे बाप आणि लेक. डोंगरोबा शिपायांच्या मागं धावला, भिर्रर्र झाली, पोरांनी थेटर डोक्यावर घेतलं. सुलक्षणानं हसून बापाला कोपर मारलं. आप्पा समोर बघत राहिले. मग ती जागा आली. तो कलाकार सुंदरच बोलला, खोटं कशाला सांगा. ‘मागं वळून बघितलंस तरी चालेल, मी इथंच उभा आहे.’ सुलक्षणानं अंधारात बापाचा हात धरला आणि ती रडायला लागली. हा आवाज बापाचा नाही, हे तिला ओळखू आलं नाही. येणार कसा? बापाचा हळू आवाज तिनं जन्मात कधी ऐकलाच नव्हता.

बाहेर उन्हात आल्यावर तिनं डोळे पुसले. “आप्पा, ते बोलताना तुम्हाला माझं लग्न आठवलं का?”

सरूबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. आता खरं सांगतील, असं त्यांना वाटलं.

“व्हय,” आप्पा म्हणाले.

“मग झालं. माझ्या मनात व्हतं काय काय. आता न्हाई.” ती हसली, वाकून पाया पडली आणि ज्ञानेशच्या मोटरसायकलवर मागं बसली. गर्दीतून वाट काढत दोघं निघून गेली.

यष्टीच्या थांब्यावर सरूबाई म्हणाल्या, “दुसऱ्याच्या बोलण्यावर तुमची सुटका झाली म्हणा की.”

“काय सांगणार व्हतो मी? एवढ्या वर्षांनी पोरगी हसली.”

“मग आता तुमच्या तोंडानं बोला. त्यो कागद पाठ हाय ना तुम्हाला? लावा फोन.”

आप्पांनी फोन लावला. तिकडून आवाज आला, “बोला आप्पा.”

वाक्यं सगळी जिभेवर होती. घसाही चांगला होता. पण तीच वाक्यं म्हटली असती तर पोरीला वाटलं असतं, आप्पा सिनेमातलं म्हणून दाखवतायत. आणि दुसरी वाक्यं त्यांच्यापाशी नव्हती.

“काय न्हाई,” ते म्हणाले. “घे, आईशी बोल.” आणि त्यांनी फोन सरूबाईंच्या हातात दिला.