प्रतिमाताईंच्या नऊ मशिनी

खामगावच्या एका कॉलेजात प्रतिमाताई संगणक प्रयोगशाळेच्या मदतनीस होत्या. काम म्हणे किल्ल्या सांभाळायचं नि धूळ पुसायचं. पण मशीन रुसली की प्राध्यापकही त्यांनाच हाक मारत.

दोन हजार चारचा उन्हाळा. भारनियमनात बाराच्या ठोक्याला वीज जायची, ती पाचशिवाय येत नसे. साडेअकराला परीक्षक येणार आणि वरवट बकालच्या नीळकंठ या विद्यार्थ्याचा ग्रंथालयाचा प्रोग्रॅम एका मशीनवर कंपाइल व्हायला, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरायला, दीड तास घेई. म्हणून ताईंनी त्याच्या फायली नऊ मशिनींवर वाटून दिल्या. वीस मिनिटांत काम उरकलं. पण त्यानं पहिल्या वाचकाचं लांबलचक नाव टाकलं आणि प्रोग्रॅम आडवा झाला. घड्याळात दहा पस्तीस.

"ताई, माह्या मशीनवर तं चालत होता. आता काऊन मरून राह्यला?"

"तुले नापास करायचं ठरवलं दिसते त्यानं," म्हणत ताईंनी पदर खोचला नि एकेका मशीनपुढे बसू लागल्या.

चौथ्या मशीनवर चूक सापडली. वाचकाच्या नावाला किती अक्षरांची जागा, हे सगळ्या फायलींना सांगणारी एक हेडर फाईल असते. सरावाच्या दिवसांपासून तिची प्रत प्रत्येक मशीनवर पडून होती. नीळकंठनं गेल्या आठवड्यात वीसचे चाळीस केले, पण तीनच मशिनींवर. बाकी सहा जुन्याच हिशेबानं चालल्या होत्या.

"मंग सगळीकडं नवी टाकतो."

"एखादी राहून जाईल, बाप्पा. दुसऱ्या मशिनींले हेडर द्यायचंच नाही."

गजानन महाराजांचं नाव घेऊन ताईंनी आपल्या मशीनवर प्रत्येक फाईलमध्ये चाळीसवाल्या हेडरचा मजकूर आधीच उलगडून भरला आणि मग त्या फायली पाठवल्या. फायली फुगल्या, तारेवरून रेंगाळत गेल्या. शेवटची कंपाइल होऊन परतली तेव्हा परीक्षक दारात.

त्यांनी दोनचार मशिनी न्याहाळल्या. "बाई, इथं हेडर दिसत नाही. विसरलात?"

"मुद्दाम नाही ठेवलं, सर. आमच्या पिंपळगाव राजाच्या भंडाऱ्यात पोळ्यांचं पीठ घरोघरी वाटतात, पण मीठ देवळातच घालून देतात. नाहीतर नऊ घरच्या नऊ चवी."

परीक्षक हसले. त्यांनी स्वतःचं नाव, वडिलांचं, आडनाव, वर गावाचंही टाईप केलं. नीळकंठनं डोळे मिटले. पडद्यावर अक्षर न् अक्षर उमटलं, पुस्तक देऊन झालं, परतही घेतलं.

बाराला वीज गेली. परीक्षक खिडकीशी जाऊन गुण भरू लागले.

"मार्गदर्शक कोण?"

"प्रतिमाताई लिवा, सर," नीळकंठ म्हणाला.

ताई तेव्हा मशिनींवर कापडं घालत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. फक्त हातातलं कापड उलटं पडलं.