काळं घ्यावं की पांढरं

दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला पांढरं रिव्हॉल्वर घ्या म्हणून सांगायचा आणि स्वतः मात्र काळं वापरायचा. का? मी शंभरदा विचारलं असेल. दरवेळी उत्तर एकच, "तू चहा सांग!" आता वहिनीला विचारलं तर ती उठून आत जाते.

दादाचं मालवणात बंदुकांचं दुकान. मी टेम्पो चालवतो. शाळा आठवीत सोडली, त्यामुळे मला जे काही येतं ते त्या दुकानातल्या बाकावर बसून आलेलं. काळं म्हणजे कॅटलॉगमध्ये ज्याला ब्लू म्हणतात ते. दिसायला देखणं, पण आमच्या खाऱ्या हवेत घामाचा हात लागला आणि पुसायचा राहिला, तर तिथे तांबूस बोट उमटलंच म्हणून समजा. पांढरं म्हणजे स्टेनलेस. त्याचे लाड कमी. एवढ्याशा निवडीवरून दुकानात जे किस्से व्हायचे ते गंजासारखेच. एक पुसायला जावं तर खाली चार!

दादा गेला त्याला महिना होतोय. त्याचं लायसन त्याच्याबरोबर संपलं. रिव्हॉल्वर पोलीस ठाण्यात जमा करा, असा निरोप आला. मला ते द्यायचं नव्हतं. देताना काय झालं ते शेवटी सांगतो.

*

तोंडवलीच्या बाबल्याचा होमस्टे आहे. त्याने पांढरं घेतलं, कारण ते त्याच्या घड्याळाला मॅच होत होतं! दादाने बजावलं, "बाबल्या, स्टेनलेस म्हणजे गंजाक घाबरत नाय असा नाय. तेल लावत जा."

पंधरा दिवसांनी बाबल्या रडवेला होऊन आला. रिव्हॉल्वरवर ओरखडेच ओरखडे. मागोमाग त्याची बायको आली, तावातावाने.

"भावजी, तुमीच सांगा माझी काय चूक! तेलकट झालेला, आणि स्टीलचा आसा ना? मगे डब्यांवांगडा काथ्यान घासलंय!"

बाबल्या कपाळावर हात मारून बसला. दादा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "वैनी, बरा केलात. आता फक्त नाव घालूचा रवला!"

*

एक निवृत्त मॅनेजर यायचे. बंगला एकटा, चोरांची भीती. लायसन मिळालं, पण काळं की पांढरं हे काही ठरेना.

"अंधारात कुठलं चटकन दिसेल?"

"पांढरं," दादा म्हणाला.

"अहो, मग ते चोरालाही दिसेल!"

"मग काळं घ्या."

"मग मला सापडायचं कसं?"

दादाने त्यांना दोनदा चहा पाजला. शेवटी साहेब उठले, समोरच्या दुकानात गेले आणि मोठी बॅटरी घेऊन घरी गेले!

*

मिठबावचे आप्पा, आंब्याच्या बागा असलेले. त्यांनी दादाचं ऐकलं नाही. "माझ्या बापाशीची बंदूक काळी होती, माका काळांच व्हया."

खंडेनवमीला आप्पांनी कोयते, विळे, बंदूक यांच्याबरोबर रिव्हॉल्वर पाटावर मांडलं. हळद, कुंकू, झेंडू, वर नारळ फोडून पाणी! पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा त्यांच्या घरचा नियम. म्हणून कोणी पुसलंही नाही.

दसरा झाला आणि आप्पा दुकानात. "कुंकू लय चिकाटलाहा रे. जाता जायना."

दादाने भिंगातून बघितलं. "आप्पा, ह्यां कुंकू न्हय. गंज आसा!"

आप्पा विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "पण पूजेचो गंज आसा. घासलेलो चलात मां?"

दादाने हात जोडले. "आप्पा, फुडच्या वर्साक रिव्हॉल्वर कपाटात ठेवा आणि लायसनची पूजा करा."

आप्पा शब्दाला जागणारा माणूस. पुढच्या दसऱ्यानंतर लायसन तपासून घ्यायला ठाण्यात गेले, तर फोटोवर कुंकवाचा लगदा. परब हवालदार बघतच राहिले. "आप्पा, हेच्यात तुमी खंय आसात?"

*

हे परब हवालदार म्हणजे दादाचे जुने दोस्त. निवडणूक आली की सगळ्यांची हत्यारं ठाण्यात जमा होतात. तेव्हा तेल लावून ठेवायला परब दादाला बोलवायचे. दादाचा नियम तिथेही चालायचा. काळ्यावर कोणाचं बोट उमटलेलं सापडलं, तर त्याने हजर असतील तेवढ्यांना कांदाभजी घालायची.

एकदा परबांनीच घामट हाताने आप्पांचं रिव्हॉल्वर उचलून कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी बोट हजर!

"काढा भजी," दादा म्हणाला.

"माका दंड? अरे, दंड आमी करतो!"

"युनिफॉर्म घालून बोट लावलात. डबल!"

परबांनी डबल भजी मागवली. आप्पांनी दोनदा घातली, बाबल्याने उगाच मस्ती म्हणून घातली. लायसन नसताना हात पुढे केला म्हणून मला तर बोट न लावताच दंड! दादाने मात्र एकदाही भजी घातली नाही. खिशात कायम तेलाचं फडकं. बोलता बोलता पुसायचा.

*

त्या दिवशी दादा मला काळ्याची चकाकी दाखवत होता. मध्येच घामाने डबडबला. रिव्हॉल्वर तसंच पेटीत ठेवलं, कुलूप लावलं आणि म्हणाला, "टेम्पो काढ. छातीत दुखताहा."

मी गधडा! तशातही म्हणालो, "पुसलंस नाय! भजी!"

"येवन पुसतंय," तो हसला.

दवाखान्यातून मी एकटाच टेम्पो घेऊन आलो.

निरोप आल्यावर सोमवारी ती पेटी घेऊन ठाण्यात गेलो. बाहेर आप्पा आणि बाबल्या आधीच येऊन उभे. परबांनी पेटी उघडली. रिव्हॉल्वरच्या गोळ्यांच्या चाकावर अंगठा उमटला होता. तांबूस. रेघ न् रेघ मोजता येईल असा. पांढऱ्यावर असा उमटला नसता.

परबांनी सवयीने तेलाचं फडकं काढलं.

मी त्यांचा हात धरला. "थांबा."

"अरे झिला, गंज खाईत जायत तेका."

"पाच मिन्टां थांबा हो!"

धावत समोरच्या गाडीवर गेलो. सगळ्या ठाण्याला पुरेल एवढी भजी तळून घेतली. ठाण्याच्या साहेबांना दिली, आप्पांना दिली, बाबल्याला दिली, कोठडीतल्या एका दारुड्यालाही दिली. परबांच्या हातावर पुडी ठेवली.

दारुडा आतून ओरडला, "भजी कोणाची रे?"

मी म्हणालो, "दादाची!"