निंबाची पाळी

आमच्या शेजारचा सुकदेव फार चांगला माणूस आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो. नवागामात आमची भिंतीला भिंत. शहाद्याकडून आला, इथल्या कापडाच्या कारखान्यात मागावर लागला, आणि एका मोठ्या आजारातून उठल्यावर येशूचा झाला. तेव्हापासून एकच ध्यास, येशूसाठी स्वतःचं काहीतरी सोडायचं. सणावाराला नाही, रोज. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, दुसरं काय!

त्याची रात्रपाळी सकाळी सुटते. पण चालते माग टाकून निघता येत नाही. दिवसपाळीच्या निंबाच्या हाती सोपवूनच जायचं. निंबाला दारूचा नाद, तो उन्हं वर आल्यावर उगवायचा. तोवर सुकदेव त्याचे माग चालवायचा आणि शेठनं विचारलं की सांगायचा, "चहा प्यायला गेलाय." इकडे सुकदेवची बायको रंजना पोरीला कडेवर घेऊन दारात येरझाऱ्या घालायची. तिला कडोदऱ्याला साड्यांच्या घड्या घालायला जायचं असे. नवरा आल्याशिवाय पोर कुणाकडे द्यावी? रिक्षा निघून जायची.

परवा तिच्या मुकादमानं बजावलं, आणखी एक खाडा झाला तर येऊच नको.

"निंबाना संसार वाचाडतस आन् आपला बुडाडतस!" ती नवऱ्यावर कडाडली.

त्या दिवशी सुकदेवचा डोळ्याला डोळा लागला नाही. कूस बदलली, उठून प्रार्थना केली, पुन्हा पडला, पुन्हा उठला. शेवटी माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"माले वाटे मी त्याग करस," तो म्हणाला. "मी ते रोज खोटं बोलस, भाऊ."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटली, निंबाचा पत्ता नाही. सुकदेवनं माग बंद केले. शेठ धावत आला. सुकदेवनं खरं ते सांगितलं आणि जवळजवळ पळतच घर गाठलं. रंजनाला रिक्षा मिळाली. निंबाचं काम गेलं.

संध्याकाळी निंबाची बायको पूजा आमच्या गल्लीत येऊन ओरडू लागली, "तुमना येशू हाईच शिकाडस का? गरीबना पोटवर पाय देवाले?"

बघायला सगळी गल्ली जमली. तिच्या नवऱ्याची पाळी आजवर कोणी ओढली, एवढं जरी सुकदेव बोलला असता तरी सुटला असता. माझा जीव तळमळत होता. अरे बाबा, बोल की! त्याचे ओठ हललेही. मग पूजाच्या रडक्या तोंडाकडे बघून त्यानं मान खाली घातली. लोकांनी चांगलं म्हणावं, ही त्याची एकच हौस होती, आणि तीही त्यानं सोडली. मला त्याचा आणखीच राग आला आणि रडूही आलं.

तेवढ्यात रंजना कामावरून आली. काय चाललंय ते तिनं क्षणभर ऐकलं, हातातली पिशवी खाली टाकली आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"पूजा," ती म्हणाली, "शिव्या माले बी दे. मन्हासाठीच त्यासनी शेठले खरं सांगं."