बरोब्बर मापाचा फ्रॉक

मे महिना सरत आला की मालाडच्या कुरारमधल्या त्या चाळीतल्या बायका वनमाला परबचं दार ठोठावायच्या. "वनमाला, चल ना गं बाजारात. तू नसलीस की तो दुकानदार आम्हाला हातोहात गंडवतो." पदराला हात पुसत वनमाला निघायची. तिलाही ते आवडायचं.

दुकानात ती किमतीचं नावसुद्धा आधी काढत नसे. फ्रॉक हातात घ्यायचा, उलटा करायचा आणि शिवणीवरून बोट फिरवायचं. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. ती बोटभर तरी आहे का, हे ती बघायची. "वरच्या फुलांना काय भुलतेस? आतली माया बघ. पोर वाढली की तीच कामाला येते." मग दोन मापं मोठा फ्रॉक घ्यायचा, खाली चार बोटं दुमड मारायची आणि दर वर्षी एकेक बोट सोडायची. दुमड सोडली की जुनी घडी रेघेसारखी दिसे. तिच्यावर पांढरी लेस लावली की झालं. तिच्या थोरल्या कुंदाच्या फ्रॉकवर अशा तीन-तीन लेसा असायच्या, आणि न कळणारे लोक विचारायचे, "किती छान डिझाइन! कुठून घेतला हो?"

ही हुशारी तिला कोणी शिकवली नव्हती. नवरा दत्ताराम गिरणीत होता. संप लांबला, गिरणीचं दार काही उघडलं नाही आणि वर्षभर घरी बसून काढल्यावर तो मरोळच्या एका कारखान्यात माल भरायच्या कामाला लागला. पगार निम्मा झाला, पण पोरींची वाढ काही निम्मी झाली नाही. त्या दिवसांत वनमालाच्या बोटांना हे सगळं आपोआप येत गेलं. आपल्या पोरी कधी फाटक्या दिसल्या नाहीत, याचा तिला मनातून अभिमान होता.

चौऱ्याऐंशी सालच्या श्रावणातली गोष्ट. दुपारी वनमाला दारात तांदूळ निवडत होती आणि बाहेर चाळीतल्या मुली गणपतीच्या कपड्यांच्या गप्पा मारत होत्या. कोणाचा फ्रॉक मामाने आणलेला, कोणाचा दादरहून. वनमालाची धाकटी रत्नप्रभा सहा वर्षांची, अबोल. तिची पाळी आली.

"माझा कुंदाताईचा," ती म्हणाली.

"तुझा तर शाळेचा फ्रॉकपण ताईचाच. तुझा स्वतःचा कुठला?" एकीने विचारलं.

रत्नाने स्वतःला पायापासून वर न्याहाळलं. मग केसांना हात लावून म्हणाली, "रिबिन. ही लाल रिबिन माझीच आहे."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून तिने आठवून खरं सांगितलं होतं, एवढंच. वनमालाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. चार घरच्या पोरींच्या कपड्यांची काळजी वाहिली, आणि आपल्या पोरीच्या अंगावर तिचं म्हणावं असं वीतभर कापड नाही?

संध्याकाळी दत्तारामला तिने सांगितलं, "रत्नाला नवा फ्रॉक घ्यायचाय. तयार. दुकानातला."

दत्ताराम हसला. "तूच सांगतस ना बायकांका, नवो फ्रॉक म्हणजे सहा म्हयन्यांचो पावनो?"

"मग येवंदे की एकदा पावनो आपल्याकडे."

तो हसायचा थांबला. खिशातून ओव्हरटाइमचे पैसे काढून त्याने तिच्या हातावर ठेवले.

रविवारी ती रत्नाला घेऊन स्टेशनजवळच्या चंद्रप्रकाश शेठच्या दुकानात गेली. दाराशीच काचेच्या कपाटात प्लास्टरची एक गोरी बाहुली उभी होती आणि तिच्या अंगावर झालरींचा पिवळा फ्रॉक होता. वनमालाच्या नजरेने क्षणात हेरलं. रस्त्याकडची बाजू उन्हाने विटली होती.

"केवढ्याला हा?"

"पासष्ट, बाई. एकदम फॅन्सी पीस."

"शेठ, इकडून पिवळा आणि तिकडून हळदीचं पाणी. फॅन्सी कुठून?"

शेठने चष्मा वर करून बघितलं आणि ओशाळून हसला. पाचेक मिनिटं घासाघीस झाली. शेठने फ्रॉक बाहुलीच्या अंगावरून उतरवून तिच्या हातात दिला आणि भाव पंचवीसवर आला. वनमालाने मनातल्या मनात तो उसवलाही होता. विटलेली बाजू मागे टाकायची, वर चुण्या घालायच्या, कोणाच्या बापाला कळणार नाही. माया तर दोन बोटं! इतका झकास सौदा वर्षा-दोन वर्षांतून एखादाच.

रत्नाने तिचा पदर ओढला. "आई, पण हा त्या बाहुलीचा आहे ना?"

"अगं, ती प्लास्टरची. तिला काय कळतंय?"

"हं," रत्ना म्हणाली. ती हट्ट करणारी पोरच नव्हती. बाहुलीकडे बघून हळूच एवढंच म्हणाली, "मग तिच्यानंतर मी घालीन."

वनमालाने हातातला फ्रॉक खाली ठेवला. पंचवीसचा सौदा सुटला, पण तिने मागे पाहिलं नाही.

"शेठ, खोक्यातला दाखवा. न उघडलेला."

निळ्या ठिपक्यांचा, बाजूला खिसा असलेला साधा सुती फ्रॉक निघाला. पुठ्ठ्यावर घडी घातलेला, चारी बाजूंनी टाचण्या टोचलेला. "कुठलं माप देऊ?" शेठने विचारलं. "नेहमीसारखं दोन नंबर मोठं?"

"नाही. तिच्या मापाचा. बरोब्बर."

शेठ चाट पडला. या बाईने भाव केला नाही, फ्रॉक उलटासुद्धा केला नाही. तो टाचण्या काढायला लागला तसा रत्नाने हात पुढे केला. "मी काढू?" एकेक टाचणी तिने ओठ मिटून काढली आणि शेठच्या तळहातावर ठेवली. अकरा टाचण्या होत्या. मग तिने घडी मोडली आणि कोऱ्या कापडाचा वास घेतला.

तो फ्रॉक सात महिने पुरला. गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत, सगळीकडे रत्ना त्यातच दिसली, खिशात हात घालून. होळीला तो काखेत ताणायला लागला, आणि सोडायला दुमडही नव्हती. वनमालाला वाटलं, पोर रडेल.

रत्नाने तो स्वतः धुतला, वाळवला, गादीखाली ठेवून त्याला इस्त्रीसारखी घडी पाडली. मग शेजारच्या मंजुळाकडे गेली. मंजुळाची मुलगी चार वर्षांची, नुकतीच झालरीचं काही मागायला शिकलेली.

वनमाला दारातून ऐकत होती.

"हा घे," रत्ना त्या पोरीला सांगत होती, "आधी माझा होता. जरा मोठा होईल तुला, पण आई दुमड मारून देईल. आणि हे बघ, खिशात हात घालून चालायचं. असं."

आणि आपल्या अंगावरच्या, खिसा नसलेल्या ताईच्या फ्रॉकवर हात ठेवून ती व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालून दाखवायला लागली.